कसं झालं ते सांगा

मॅडमनी मला पहिले आठ दिवस 'वेल्हे' म्हणून हाक मारली. माझ्या पेटीवर तांबड्या रंगानं 'वेल्हे' असं लिहिलेलं होतं, तेच त्यांनी माझं नाव धरलं. "वेल्हे आले का? वेल्हे, पेटी इकडे ठेवा." मी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी पेटी ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, "मॅडम, वेल्हे माझा तालुका हाय. मी बबन."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पांढऱ्या कोटाच्या खिशातलं पेन काढलं आणि डाव्या तळहातावर लिहिलं, बबन. तिथं आधी दोन-तीन नावं होतीच. म्हणाल्या, "मला नळ्यांचे नंबर लक्षात राहतात, माणसांची नावं राहत नाहीत. हे शिकायला पाहिजे."

बाई चाळिशी ओलांडलेली. नावामागं डॉक्टर, पण गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे, रक्ताच्या शास्त्रातली. आणि पेटी उचलणाऱ्या माणसाला सांगती, मला शिकायला पाहिजे. मी मनात म्हणालो, ही बाई येडी तरी असंल नाहीतर लई शहाणी तरी.

माझी बायको हौसा गेली त्याला आता पाच महिने झाले. तिच्या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली होती. ती चूक शोधली गायधनी मॅडमनी. आणि तिच्या शेवटच्या दिवशी माझ्या हातून दुसरी चूक झाली का नाही, हे जे माझ्या उरावर बसलं होतं, त्याचाही निकाल त्यांनीच दिला. म्हणून हे लिहितो. बाकी त्यांचं गाव कोणतं, शिक्षण कुठं झालं, ते मला ठाऊक नाही आणि मी कधी विचारलं नाही.

लॅब भोरला होती. सरकारीच, पण नाव लिहीत नाही. त्यातली माणसं चांगली होती, उगाच कुणाला बोल नको. माझं काम एवढंच, की वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून रक्ताचे नमुने वेल्ह्याला गोळा व्हायचे, ते पेटीत घालून एस्टीनं भोरला पोचवायचे. सकाळी दहाची गाडी. वेल्हे, विंझर, नसरापूर. नसरापुराला गाडी बदलायची, मग कामथडी, कापूरहोळ, भोर. माझं घर विंझरला रस्त्यालाच. गाडी आली की हौसा फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन उभी असायची आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून आत द्यायची. ड्रायव्हर ती माझ्याकडं सरकवायचा. कधी भाकरीचा तुकडा मोडून घ्यायचा, मग सरकवायचा.

मॅडम बुटक्या. सुती साडी आणि खाली कापडी बूट. त्या बुटांवरून सगळं भोर त्यांना ओळखायचं. दुपारी जेवायला बसत नसत, उभ्यानंच गूळ-शेंगदाणे खात. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिला तळहात लावून बघायच्या, गार का गरम. फ्रीज, मशीन, चहाचा कप, खुर्चीसुद्धा. आणि फोनवर काही सांगितलं की समोरच्याला म्हणायच्या, "आता परत म्हणा." त्यानं परत म्हटल्याशिवाय फोन ठेवायच्या नाहीत. लोकांना राग यायचा. एकदा एक मोठा डॉक्टर फोनवर चिडला, मी काय शाळेतलं पोर आहे का म्हणाला. ह्या शांतपणे म्हणाल्या, "नाही सर, पण आकडा माझ्या तोंडून निघून तुमच्या कानात जाईपर्यंत बदलतो. परत म्हणा." त्यानं म्हटलं, तर आकडा खरंच बदललेला होता.

आल्या तेव्हा मात्र त्यांना माणसं सांभाळता येत नव्हती, हे मी स्पष्ट लिहितो. आमच्यात सावंत म्हणून टेक्निशियन होता, मशीनवर तोच बसायचा. हुशार, थोडा आगाऊ. पहिल्याच महिन्यात मॅडम त्याला एका नळीवरून सगळ्यांसमोर टाकून बोलल्या. सावंत चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. काम करायचा, पण तोंड शिवलेलं.

पाचव्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाल्या, "सावंत, मी तुम्हाला चारचौघांत बोलले. माफी खोलीत बोलावून मागितली असती तर ती अर्धीच झाली असती. म्हणून चारचौघांतच मागते." सावंताचे कान लाल झाले. तो म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, तुमचा बी बीपी वाढला आसंल." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्यांना विनोद उशिरा कळायचा.

मग त्या दहा दिवस पुण्याला ट्रेनिंगला गेल्या. सरकारी दवाखान्यांत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना माणसं कशी सांभाळायची, काम कसं वाटून द्यायचं, असलं काहीतरी शिकवतात म्हणे. आल्या तेव्हा काखेत जाडजूड फाईल. सावंतानं विचारलं, "काय शिकवलं मॅडम?"

"गप्प बसायला," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला मशीन कसं चालवायचं ते पंधरा वर्षं शिकवतात. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते कुणी शिकवत नाही."

फाईल कपाटात गेली. दुसऱ्या दिवशी मॅडम भोरच्या बाजारातून पोरांची पाटी घेऊन आल्या. लाकडी चौकटीची, काळी. ती ओट्याशेजारच्या खिळ्याला टांगली, खडू दोऱ्यानं बांधला. म्हणाल्या, रोज जे चुकलं ते इथं लिहायचं. कुणी चुकलं ते लिहायचं नाही. संध्याकाळी चारला सगळ्यांनी पाटीसमोर दहा मिनिटं उभं राहायचं. कसं झालं ते सापडलं की पुसायचं. सापडलं नाही तर राहू द्यायचं.

पहिल्या दिवशी कुणी खडूला हात लावला नाही. मग मॅडमनीच लिहिलं, 'एक रिपोर्ट दुसऱ्याच गावाला पाठवला.' सावंत म्हणाला, "हे कुणी केलं?" मॅडम म्हणाल्या, "कुणी ते नको. कसं झालं ते सांगा." मग हळूच म्हणाल्या, "मी केलं. पण तरीसुद्धा कसं तेच बघा." दोन गावांचे कागद एकाच खणात ठेवत होते, एवढंच निघालं. खण वेगळे केले, पाटी पुसली. तेव्हापासून खडूला हात लागायला लागले.

चारच्या त्या दहा मिनिटांत पहिलं मी बोलायचं, मग झाडणारी मावशी, मग सावंत, शेवटी मॅडम. मला कळेना. मी म्हणालो, "मॅडम, मला काय कळतंय? मोठ्यांनी आदी बोलावं."

"मोठं माणूस आधी बोललं की बाकीचे तेच बोलतात. तुम्ही आधी. आज काय अडलं?"

"काय न्हाई."

"काही नाही हे उत्तर नाही. पेटी वेल्ह्याहून इथं आली. मधे काय झालं?"

"गाडी कापूरहोळला अर्धा तास उभी व्हती. ड्रायव्हर वडापाव खात व्हता."

त्यांनी तेसुद्धा लिहून घेतलं. मला हसू आलं. पण माझं म्हणणं लिहून घेणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी हौसाचे पाय सुजायला लागले. दम लागायचा, बसल्या जागी डोळे मिटायचे. वेल्ह्याला दाखवलं. तिथल्या डॉक्टरनं रक्त काढलं, आणि ते रक्त माझ्याच पेटीतनं भोरला गेलं. कागद आला तर त्यात पोटॅशियम वाढलेलं. डॉक्टर म्हणाला, ह्यानं काळीज एकदम बंद पडू शकतं, किडनी खराब होत असंल. केळं बंद, बटाटा बंद, शहाळं बंद. भाजी दोनदा उकळायची आणि पाणी ओतून टाकायचं. महिन्यानं परत रक्त काढलं. परत तेच, थोडं जास्तच.

दोन महिने आम्ही त्या भाज्या खाल्ल्या. हौसा भाजीचं पाणी परड्यात ओतायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. आमच्या दारात फणस आहे. त्या साली झाड लगडलेलं. तिला फणसाचा लई सोस, आणि फणस पण बंद. एकदा शेजारणीच्या पोरीला गरे देताना मी बघितलं, तिनं बोटं हुंगली आणि पदराला पुसली. मी त्या दिवशी भाकरी टाकून उठलो. तिला वाटलं भाजीला चव नाही म्हणून.

मॅडमना मी सांगितलं नाही. का सांगायचं? कागद तर त्यांच्याच लॅबचा होता.

आता पाटीकडं येतो. नळी मशीनमध्ये फिरवली की रक्त खाली बसतं आणि वर पाणी सुटतं. ते पाणी पेंढ्याच्या रंगाचं पाहिजे. माझ्या पेटीतल्या नळ्यांचं पाणी बरेचदा गुलाबी यायचं. सावंताला विचारा, तर तो म्हणायचा, "वेल्ह्याचं रक्त आसंच आसतंय. तांबड्या मातीतली माणसं." लॅबमध्ये ही चेष्टा मॅडम यायच्या आधीपासून चालू होती. मीसुद्धा हसायचो. आपल्या तालुक्याचं रक्त जरा जास्त तांबडं आहे, ह्यात मला उलटा अभिमान वाटायचा.

मॅडमनी पाटीवर लिहिलं, 'वेल्ह्याच्या नळ्या गुलाबी का?'

ते अकरा दिवस पुसलं गेलं नाही. त्यांनी सुया बदलून पाहिल्या. नळ्यांचं खोकं बदललं. वेल्ह्याच्या सिस्टरला फोन करून रक्त कसं काढता ते विचारलं, परत म्हणायला लावलं. मशीन तपासलं. अकराव्या दिवशी चार वाजता पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बबनराव, उद्या मी तुमच्याबरोबर गाडीत बसते."

भोरहून पहिली एस्टी धरून त्या वेल्ह्याला आल्या. दहाच्या गाडीत माझ्याबरोबर चढल्या. मी रोजच्यासारखी पेटी ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली. आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्याकडं जे जपून न्यायचं ते बॉनेटवर ठेवायचं. मागं गाडी आदळते, माणसं पाय देतात, बोकड सुद्धा असतो. बॉनेट रुंद, त्यावर रग टाकलेला, आणि ड्रायव्हरची नजर. त्यानं नाही म्हटलं तर जागा मिळत नाही. मी त्याला विनंती करून करून ती जागा मिळवलेली होती.

मॅडमनी पेटी थोडी उचलली आणि खाली तळहात लावला. मग थर्मामीटर काढून रगाखाली सरकवला.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, काळजी करू नगा. हितं अंडी बी फुटत न्हाईत. नवरदेवाचा फेटासुद्धा आमी हितंच ठिवतो."

मॅडम म्हणाल्या, "फेट्याला चालतं." एवढंच.

विंझरला गाडी थांबली. हौसा खिडकीपाशी आली, भाकरी दिली. मॅडमनी तिच्या पायांकडं बघितलं. "ह्या कोण?"

"आमची मंडळी."

"पायांना सूज आहे. दाखवलंत का?"

मी म्हणालो, "दाखवलंय मॅडम. रक्त बी तपासलंय, तुमच्याच हितं. पोटॅशियम वाढलंय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग पेटीकडं. मग खिडकीबाहेर, गाडी सुटली तरी हौसाकडंच बघत होत्या. मी काही शास्त्र शिकलेलो नाही. पण नसरापूर यायच्या आत मला कळलं.

त्यांनी बॉनेटवरची पेटी उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि नसरापुराला गाडी बदलली तरी भोरपर्यंत तशाच बसल्या. मी शेजारी भाकरीचं गाठोडं धरून. ते मी सोडलंच नाही.

चार वाजले. पहिला बोलायचा मान माझाच. मी म्हणालो, "मॅडम, आज पाटीवर माझं नाव लिवा. आणि उद्यापासून मी येत न्हाई."

"पाटीवर नाव लिहीत नाही आपण. कसं झालं ते सांगा."

मी सांगितलं. गाडी आदळते, नळ्या फुटतील म्हणून भीती, ड्रायव्हरची विनंती, सगळं. त्यांनी परत म्हणून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. मग म्हणाल्या, "पेटी गाडीत कुठं ठेवायची हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मग लिहा सावंत. 'पेटी कुठं ठेवायची ते सांगितलेलं नव्हतं.' खालून गरम झाली आणि तासभर थरथरली, की रक्त फुटतं. फुटलं की पोटॅशियम बाहेर येतं. माणसात वाढलेलं नसतं, नळीत वाढतं."

सावंत म्हणाला, "पन मॅडम, गुलाबी पानी तर मी रोज बघत व्हतो."

"हो. आणि त्यावर हसत होतो आपण. तेही लिहा."

पण मॅडम ऐकीव गोष्टीवर थांबणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी परत वेल्ह्याला आल्या, सिस्टरकडून स्वतःच्या हाताचं रक्त दोन नळ्यांत काढून घेतलं. एक पेटी बॉनेटवर, एक मांडीवर. भोरला दोन्ही नळ्या फिरवल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक गुलाबी, एक पेंढ्यासारखी. "हे दोन्ही माझंच रक्त," म्हणाल्या, "आणि मी वेल्ह्याची नाही." सावंत त्या नळ्यांकडं बराच वेळ बघत होता. तांबड्या मातीचा विनोद त्यानंतर कुणी केला नाही.

मग त्यांनी जे केलं ते मी कुठल्या साहेबाला करताना पाहिलेलं नाही. त्या पेटीतल्या रक्तावरून ज्यांचे असे कागद गेले होते त्या सगळ्यांची नावं काढली. म्हणाल्या, "चुकीचा कागद ज्या हातात दिला त्या हातातून परत घ्यायचा. फोन नको." दर शनिवारी त्या, मी आणि वेल्ह्याची सिस्टर, वाडीवाडीवर. धनगरवाड्यावर चढ चढताना त्यांचा श्वास लागायचा, कापडी बूट घसरायचे. वर एक म्हातारा शेळ्या राखत बसलेला. मॅडमनी त्याला हात जोडून सगळं समजावलं, तुमचा कागद चुकला होता, आमच्याकडून चूक झाली. म्हातारा शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाई, त्यो कागुद म्या वाचलाच न्हाई. तिकडं वळचणीला खोचलाय. पावसाचं पानी गळत व्हतं थितं." मॅडमनी वळचणीतनं कागद काढला, नवा दिला. म्हातारा म्हणाला, "ह्यो बी थितंच खोचा." त्या वेळी मात्र मॅडम हसल्या, तिथंच खाली बसून हसल्या.

आमच्या घरी त्या पहिल्याच शनिवारी आल्या. हौसानं घोंगडी टाकली. मॅडम बसल्या नाहीत, उभ्यानंच बोलल्या. "हौसाबाई, तुमचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे होते. आमच्याकडून चूक झाली. माफी मागायला आले."

हौसा म्हणाली, "म्हंजी मी मरनार न्हाई?"

"त्यानं नाही."

"मंग दोन महिनं भाजीचं पानी म्या का वतलं?"

"आमच्यामुळे."

मी दारात उभा होतो. 'आमच्यामुळे' म्हणताना मॅडमनी माझ्याकडं चुकूनसुद्धा बघितलं नाही. मी पण काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं.

त्याच दिवशी त्यांनी हौसाचं रक्त घेतलं, पेटी मांडीवर ठेवून स्वतः नेली. पोटॅशियम ठीक निघालं. सूज, दम, झोप ह्याचं कारण थायरॉईड होतं. रोज सकाळी एक बारकी गोळी, बस. दोन महिन्यांत हौसा परड्यात खुरपं घेऊन बसायला लागली. त्या साली फणस संपत आलेला, एकच राहिला होता वर. तो मी काढला. तिनं गरे काढले आणि पहिला डबा भरून माझ्याबरोबर भोरला पाठवला. डब्यासकट पेटी मांडीवर. मॅडम उभ्यानं गरे खात म्हणाल्या, "ह्यात पोटॅशियम भरपूर असतं बरं का."

हे सगळं वर कळलं. एक वरिष्ठ साहेब आले. मॅडमच्या खोलीचं दार अर्धं उघडं, मी बाहेर सहीचे कागद घेऊन उभा. साहेब म्हणत होते, "बाई, चौकशीत एक नाव लागतं. तो पेटीवाला कंत्राटी आहे ना? काढून टाका, विषय मिटवा."

मॅडम म्हणाल्या, "सर, बबनरावांना काढलं तर पुढचा माणूस पेटी कुठं ठेवेल?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"तोही जिथं जपून राहील असं त्याला वाटेल तिथंच ठेवेल. म्हणजे बॉनेटवर. बबनराव आता कधीच ठेवणार नाहीत. ह्या कामाला त्यांच्याइतका खात्रीचा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही."

आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'पद्धत ठरवून दिलेली नव्हती, जबाबदारी माझी,' आणि खाली सही. त्या साली त्यांची बढती मागं राहिली असं सावंत म्हणाला. खरं-खोटं मॅडमना ठाऊक. मी नोकरीला टिकलो एवढं खरं. पेटी पुढं सगळीकडं मांडीवरच न्यायची असा नियम झाला, आणि नव्या माणसाला तो शिकवायला मला बोलवायचे. चौथी शिकलेल्या माणसासमोर पदवीवाली पोरं पेटी मांडीवर घेऊन बसलेली मी बघितलीत.

भोर सोडून जायच्या आधी मॅडमनी सहा महिने एकच काम केलं. स्वतःचं एकेक काम दुसऱ्याला शिकवत गेल्या. सावंताला म्हणायच्या, "मी गेल्यावर माझी आठवण आली तर चालेल, पण मला फोन करावा लागला तर मी नीट काम केलं नाही असं समजा." शेवटच्या आठवड्यात तर त्या नुसत्या खुर्चीवर बसून होत्या, आणि लॅब चालली होती. निरोपाला हार-बिर नको म्हणाल्या. पाटी मात्र खिळ्यावर होती, आणि त्यावर सावंतानं लिहिलेलं, 'मॅडमच्या निरोपाचे पेढे आणायचे राहिले.' मॅडम म्हणाल्या, "कसं झालं ते सांगा." आणि सावंत रडायला लागला.

हौसा त्यानंतर बरीच वर्षं जगली. गोळी कधी चुकवली नाही. गेल्या वर्षी तिला बरं नव्हतं तेव्हा एका दुपारी मी मनातलं बोलून टाकलं. म्हणालो, "त्या वक्ताला जो कागद चुकला, तो मॅडमनी चुकवला न्हवता. माझ्या हातनं झालं. पेटी मी बॉनेटवर ठिवायचो."

ती म्हणाली, "अवं, मला ठावं हाय. रोज खिडकीतनं भाकरी कोन देत व्हतं? पेटी दिसायची की मला."

"मंग बोलली का न्हाईस इतकी वर्सं?"

"त्या बाईनं न्हाई काढलं तुमचं नाव. मी कशाला काढू?"

पाच महिन्यांपूर्वी ती गेली. भर दुपारी, एका तासात. माणसं भेटायला आली. कुणी म्हणालं देवाची इच्छा, कुणी म्हणालं सुटली, कुणी म्हणालं भाग्याची, अहेव गेली. मी मान हलवायचो. पण माझ्या डोक्यात एकच चालू होतं, मी दवाखान्याची गाडी उशिरा बोलावली का? हौसाला छातीत जड वाटतंय आणि मी पाणी आणायला गेलो. आधी फोन केला असता तर? एकदा हिच्या जिवाशी माझ्या हातून खेळ झाला होता. परत झाला का? हे कुणाला विचारणार? विचारलं तर सगळे नाहीच म्हणणार. त्या नाहीला काय किंमत?

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी मॅडम आल्या. एस्टीनं. केस पांढरे झालेले, पायात कापडी बूट तेच. सावंतानं कळवलं होतं म्हणे. घोंगडीवर बसल्या, पाणी प्यायल्या. बाकीच्यांसारखं काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बबनराव, कसं झालं ते सांगा."

पाच महिन्यांत मला तेवढं एकच माणूस तसं विचारणारं भेटलं. मी सांगितलं. सकाळी तिनं गोळी घेतली, चहा झाला. परड्यातनं आळू आणला. जेवण झालं. भांडी घासून आत आली आणि खांबाला टेकली, म्हणाली जड वाटतंय. मी पाणी आणलं. मग फोन केला. गाडी आली तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. सगळं, एकेक.

मग मॅडम म्हणाल्या, "आता मी परत म्हणते. चुकलं तर सांगा." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं म्हटलं, आळूसुद्धा. "मग तुम्ही तांब्या आणलात. हौसाबाई पाणी प्यायल्या."

मी म्हणालो, "न्हाई. तिनं तांब्या माझ्या हातात परत दिला. म्हनली, आदी तुमी प्या, तुमी लई घाबरलाय."

मॅडमनी ते परत म्हटलं, "आधी तुम्ही प्या."

"व्हय."

"आणि तुम्ही प्यायलात?"

"एक घोट. मंग तिनं घेतलं."

"माठ कुठं आहे?"

मी दाखवला. त्या उठल्या, खांबापासून माठापर्यंत चालत गेल्या, तांब्या बुडवला, परत आल्या. हातातल्या घड्याळात बघत होत्या. मग फोन कुठं होता ते विचारलं, कुणाला लावला, गाडी कुठून आली, किती वेळात. नाडी कधी लागेनाशी झाली, गाडीवरचा डॉक्टर काय म्हणाला. मी कागद दाखवला, त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"बबनराव, तुम्ही पाणी आणायला एक मिनिटसुद्धा घेतलेलं नाही. तेवढ्यानं काही बदललं नसतं. मी सगळं बघितलं. ह्यात पाटीवर लिहिण्यासारखं काही नाही."

ह्या बाईनं माझी चूक असती तर ती मला तोंडावर सांगितली असती. वेल्ह्याहून भोरपर्यंत गाडीत बसून शोधली असती. म्हणून मी ते मानलं. मी गुडघ्यात डोकं घातलं आणि हौसा गेल्यापासून पहिल्यांदा रडलो. मॅडम समजूत घालायला आल्या नाहीत. गप्प बसून राहिल्या. ते त्यांनी शिकून घेतलेलं होतं.

परतीच्या गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. ड्रायव्हर नवा पोरगा होता, मला ओळखत नव्हता. मॅडम पुढच्या दारानं चढल्या. बॉनेटवर कुणीतरी रुमालात बांधलेलं काहीतरी ठेवलं होतं. मॅडम वाकल्या, बॉनेटला तळहात लावला, आणि मग ते गाठोडं उचलून मागं वळून मोठ्यानं म्हणाल्या, "हे कुणाचं आहे?"

मागनं एक बाई म्हणाली, "माजं हाय. दही हाय त्यात."

"मग इकडे या, मांडीवर घ्या. गरम आहे इथं."

गाडी सुटली. मी खिडकीपाशी उभा होतो, जिथं हौसा उभी राहायची तिथं.